कुत्र्याच्या यकृतात साठणारे तांबे : पहिल्या संशयापासून रोजच्या निगेपर्यंत

दातांच्या साफसफाईसाठी भूल द्यायची होती, म्हणून आमच्या सहा वर्षांच्या लॅब्राडोर कुत्रीची रक्ततपासणी केली आणि अहवालात एएलटी या यकृताच्या एन्झाइमचा आकडा सामान्य मर्यादेच्या जवळपास तिप्पट आला. त्याच सकाळी तिने वाडगे चाटून पुसून लख्ख केले होते, चेंडूमागे मनसोक्त धावली होती, आणि तिच्याकडे पाहून कोणीही तिला आजारी म्हटले नसते. आधी दातांचे उरकून घेऊ, आकड्याचे पुढे पाहू, असा विचार आमच्याही मनात येऊन गेला. तो कागद तसाच फाईलमध्ये गेला असता, तर तिच्या यकृतात वर्षानुवर्षे साठत आलेले तांबे पुढे कधीतरी काविळीच्या रूपाने समोर आले असते आणि तोवर उपचाराचा सर्वांत चांगला काळ हातचा गेला असता.

या विकाराला सर्वसाधारणपणे तांबेसाठ्याचा यकृतविकार म्हणता येईल. तो आनुवंशिक आहे, सगळ्या कुत्र्यांचा विचार केला तर दुर्मीळ आहे, पण काही जातींत मात्र तो नक्कीच लक्षात ठेवावा इतका आढळतो. कुत्रा धडधाकट दिसत असतानाच तो शोधावा लागतो, आणि तसा शोधला तर बहुतेक कुत्रे औषध व पथ्य यांच्या आधाराने चांगले आयुष्य जगतात. पुढे लिहिले आहे ते पशुवैद्यकांशी बोलताना काय विचारावे, कोणती तपासणी टाळू नये आणि घरी काय सांभाळावे यासाठी आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या कुत्र्याचे वजन, यकृताची अवस्था आणि सोबतची औषधे पाहूनच ठरवाव्या लागतात.

तांबे साठते कसे

तांबे हे विष नव्हे. रक्त तयार होण्यासाठी, मज्जातंतूंसाठी, केसांच्या रंगासाठी आणि अनेक एन्झाइमांच्या कामासाठी ते थोड्या प्रमाणात लागतेच. अन्नातील तांबे लहान आतड्यातून शोषले जाऊन थेट यकृतात पोहोचते. यकृत त्यातले हवे तेवढे शरीराला पुरवते आणि उरलेले पित्तात सोडते, ते विष्ठेवाटे बाहेर पडते. बाहेर पडण्याची ही मुख्य वाट आहे. या वाटेवरचे एखादे प्रथिन जन्मतःच सदोष असेल, तर रोज कणाकणाने उरणारे तांबे यकृताच्या पेशींतच मुक्काम करते. पेशी त्याला आधी मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाशी बांधून निरुपद्रवी ठेवतात, परंतु ही साठवणीची ताकद संपली की मोकळे तांबे पेशीच्या आतल्या यंत्रणेला अक्षरशः जाळू लागते. पेशी मरतात, दाह सुरू होतो, व्रणासारखे तंतू वाढतात आणि शेवटी यकृत आक्रसून निबर होते, म्हणजे सिऱ्होसिसची अवस्था येते.

या विकाराचे सर्वांत स्पष्ट रूप बेडलिंग्टन टेरियर या जातीत दिसते. १९७५ मध्ये या जातीतील आजाराचे वर्णन शास्त्रीय नियतकालिकात प्रथम झाले, आणि २००२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी त्यामागचा दोष शोधला. सीओएमएमडी१ या जनुकाचा एक भाग या कुत्र्यांत गळालेला असतो. दोष अप्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली तरच पिल्लू आजारी पडते. लॅब्राडोरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१६ मध्ये या जातीत दोन जनुके पुढे आली. एटीपी७बी या जनुकातील बदल तांब्याचा साठा वाढवतो आणि एटीपी७ए मधील बदल तो काही प्रमाणात रोखतो. माणसांच्या शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन विकारामागेही एटीपी७बी हेच जनुक आहे, ही गोष्ट डॉक्टरी पेशातल्या वाचकांना ओळखीची वाटेल. लॅब्राडोरमध्ये सदोष जनुक असूनही आजार होईलच असे नसते, आहारातून किती तांबे जाते यावरही बरेच अवलंबून असते. याच कारणाने आहाराचा भाग पुढे विस्ताराने घेतला आहे. याशिवाय डॉबरमन, डाल्मेशियन, वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर आणि स्काय टेरियर या जातींतही तांब्याशी निगडित यकृतविकार नोंदले गेले आहेत, आणि मिश्र जातीचा कुत्रा आहे म्हणून शक्यता संपत नाही.

संशय कधी घ्यावा

बेडलिंग्टनमध्ये साठा पिल्लूपणापासूनच वाढत जातो आणि लक्षणे बहुधा तरुण वयात किंवा मध्यमवयात उमटतात. लॅब्राडोरमध्ये आजार बहुतेक वेळा मध्यम वयात उघडकीला येतो, आणि लॅब्राडोर व डॉबरमन या दोन्ही जातींत नरांपेक्षा माद्यांमध्ये तो जास्त आढळतो. सुरुवातीची लक्षणे इतकी मोघम असतात की घरातले लोक त्यांना सहज दुसरे कारण देतात. भूक थोडी मंदावते, अधूनमधून उलटी होते, वजन हळूहळू उतरते, फिरायला जाण्याचा उत्साह कमी होतो. उन्हाळा आहे, वय झाले आहे, खाणे बाधले असेल, असे म्हणत महिने निघून जातात. तहान व लघवी वाढणे हेही एक चिन्ह आहे. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या किंवा कानाच्या आतली कातडी पिवळी दिसणे आणि पोटात पाणी होणे ही लक्षणे उशिरा येतात. ती येण्याची वाट पाहू नये.

वर नाव घेतलेल्या जातींपैकी कुत्रा असेल तर वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी एएलटी तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यकृताच्या पेशी दुखावल्या की हे एन्झाइम रक्तात उतरते, आणि या आजारात सहसा तेच इतर खुणांच्या आधी वाढते. मात्र साठा वाढत असूनही एएलटी काही काळ सामान्य राहू शकते, त्यामुळे एकाच सामान्य अहवालावर निर्धास्त होऊ नये. दरवर्षीचे कागद एकत्र ठेवल्यास आणखी एक फायदा होतो. आकडा मर्यादेतच असला तरी तो दर वर्षी थोडा थोडा चढत असेल तर ते दिसते.

आकडा वाढला असेल तर

पहिली पायरी म्हणजे तपासणी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करणे. मधल्या काळात कुत्र्याला दिली जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढावी, त्यात फेफऱ्याचे औषध, स्टेरॉइड, वेदनाशामक, सांध्यांच्या गोळ्या, वनस्पतिजन्य पूरके, सगळे आले, कारण त्यांतील काहींमुळेही यकृताची एन्झाइमे वाढतात. लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार आणि पित्ताशयाचे आजार हेही पशुवैद्यक तपासतील. दुसऱ्या वेळीही एएलटी वाढलेलेच राहिले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर पुढे जाणे आवश्यक आहे. महिनोन्‌महिने केवळ यकृताचे टॉनिक देत राहणे हा या टप्प्यावरचा सर्वांत महागात पडणारा मार्ग असतो, कारण टॉनिकाने आकडा जरा खाली येतो, सर्वांना हायसे वाटते आणि तांबे तिथेच राहते.

पुढच्या तपासण्यांत पित्ताम्लांची पातळी, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी येते. सोनोग्राफीत यकृत पूर्णपणे सामान्य दिसू शकते, त्यामुळे तिच्या अहवालात दोष नाही म्हणून थांबू नये. लघवीची तपासणी मात्र आवर्जून करून घ्यावी. रक्तातील साखर सामान्य असताना लघवीत साखर उतरत असेल, तर तांब्यामुळे मूत्रपिंडाच्या नलिकाही बाधित झाल्याची ती खूण असू शकते. मधुमेह नाही आणि लघवीत साखर आहे, अशा लॅब्राडोरमध्ये तर हा विचार आधी मनात यायला हवा.

रक्तातील तांबे मोजून घ्यावे का, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि मीही विचारला होता. कुत्र्यांत त्याचा निदानासाठी उपयोग होत नाही. यकृत तांब्याने भरलेले असतानाही रक्तातील पातळी सामान्य असू शकते. माणसांत विल्सन विकार ओळखायला उपयोगी पडणारी सेरुलोप्लाझ्मिनची, म्हणजे रक्तातील तांबे वाहणाऱ्या प्रथिनाची, चाचणीही कुत्र्यांत तशी कामाला येत नाही.

बायोप्सी आणि तिच्याकडून मागायच्या गोष्टी

खात्रीचे निदान यकृताच्या तुकड्यावरच होते. बायोप्सी हा शब्द ऐकताच घरच्यांचे मन कचरते, आणि ते साहजिक आहे, कारण कुत्रा तर समोर शेपूट हलवत उभा असतो. तरीही हीच ती तपासणी आहे जिच्यामुळे पुढची कित्येक वर्षे योग्य औषध मिळते किंवा नको असलेले कडक औषध टळते. सुईने शोषून घेतलेल्या मोजक्या पेशींवर हे निदान पक्के होत नाही. तुकडा दुर्बिणीद्वारे, शस्त्रक्रियेने किंवा जाड सुईने घेता येतो. दुर्बिणीची सोय असेल तर मी तीच निवडेन, कारण यकृताचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो, पुरेशा आकाराचे तुकडे मिळतात आणि रक्तस्राव झाला तर तो लगेच लक्षात येतो. त्याआधी रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि प्लेटलेट्सची संख्या तपासलेली असलीच पाहिजे.

तुकडे घेण्याआधी डॉक्टरांशी एक गोष्ट नक्की ठरवावी, ती म्हणजे नमुन्यातील तांबे मोजले जाणार आहे की नाही. पुष्कळदा सगळे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवले जातात आणि तांबे मोजायचे राहून जाते. अमेरिकेतील पशुवैद्यकीय अंतर्गत औषधशास्त्राच्या तज्ज्ञांच्या संघटनेने (एसीव्हीआयएम) २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकमतपत्रात दुर्बिणीने यकृताच्या किमान दोन खंडांतून किमान पाच तुकडे घ्यावेत असे सुचवले आहे, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी, जंतुसंवर्धनासाठी आणि तांबे मोजण्यासाठी वेगवेगळे तुकडे उरतात. प्रयोगशाळेला तांब्यासाठीचे विशेष रंजन करण्यास सांगावे, रोडॅनिन हे त्यासाठी नेहमी वापरले जाणारे रंजक आहे. त्यात तांब्याचे कण विटकरी-तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपके कुठे आहेत यालाही महत्त्व आहे. मूळ दोष तांब्याच्या चयापचयात असेल तर ते यकृताच्या सूक्ष्म खंडिकेच्या मध्यभागी, मध्यशिरेभोवती जमतात. पित्त अडल्यामुळे तांबे साठले असेल तर ते बहुधा कडेला दिसतात.

तांब्याचा आकडा कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम असा दिला जातो. साधारण ४०० पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. १,००० च्या वर आकडा, तांबे मध्यभागी आणि त्याच ठिकाणी पेशींची हानी किंवा दाह, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर निदान पक्के मानायला हरकत नसते. ४०० ते १,००० च्या मधला आकडा सूक्ष्मदर्शकातील चित्र, जात आणि वय यांच्यासह वाचावा लागतो. बाधित बेडलिंग्टनमध्ये तर आकडा काही वेळा १०,००० च्याही पुढे जातो. आमच्या कुत्रीचा आकडा १,९०० च्या आसपास होता, तंतू नुकतेच वाढू लागले होते, आणि अहवाल हाती आल्यावर मला वाटले ते एवढेच की आपण वेळेत पोहोचलो.

जनुकीय चाचणी गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावर किंवा रक्तावर होते. बेडलिंग्टनमध्ये ती फार उपयोगी आहे, तरी गळालेला भाग नसूनही आजारी पडलेले बेडलिंग्टन आढळले आहेत. लॅब्राडोर व डॉबरमनमध्ये ती धोका किती आहे हे सांगते, आजार झाला आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून बायोप्सीची जागा जनुकीय चाचणीला देऊ नये.

आहार

निदान झाल्यावर घरात पहिला बदल वाडग्यात होतो. यकृतासाठी खास बनवलेले, पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर मिळणारे खाद्य हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण त्यात तांबे कमी आणि जस्त जास्त ठेवलेले असते. नेहमीच्या खाद्याचे पाकीट वाचताना एक हिशेब समजून घ्यावा. पाकिटावर तांबे बहुधा दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते, परंतु तुलना दर १,००० किलोकॅलरीमागे करावी लागते. एखाद्या कोरड्या खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅम तांबे आणि किलोमागे ३,७५० किलोकॅलरी असतील, तर १५ ला ३.७५ ने भागायचे, म्हणजे १,००० किलोकॅलरीमागे ४ मिलिग्रॅम येतात. यकृतविकारासाठीच्या खाद्यांत हे प्रमाण साधारणपणे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने निरोगी प्रौढ कुत्र्यांच्या संपूर्ण आहारासाठी ठरवलेली किमान पातळीच १,००० किलोकॅलरीमागे १.८३ मिलिग्रॅम आहे. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित’ लिहिलेले असणे या आजारात पुरेसे का नाही, ते एवढ्यावरून लक्षात यावे. पाकिटावर तांब्याचा आकडा नसेल तर कंपनीला लिहून विचारावा, आणि त्यांना किमान हमी न विचारता प्रत्यक्ष तपासणीत आलेले प्रमाण विचारावे.

सर्वांत जास्त चुका मुख्य जेवणात होत नाहीत, त्या खाऊत होतात. वाळवलेल्या काळजाचे, म्हणजे जनावराच्या यकृताचे, तुकडे हा प्रशिक्षणातला आवडता खाऊ, आणि जनावरांचे काळीज, विशेषतः गाय-म्हैस व मेंढीचे, हे तांब्याच्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. आम्ही आमच्या कुत्रीला वर्षानुवर्षे बसायला, थांबायला, पंजा द्यायला याच तुकड्यांवर शिकवले होते. पाकीट हातात धरून उभी राहिले तेव्हा ती नेहमीसारखी समोर बसली, कान पुढे करून, आणि मला पहिल्यांदा तो वास नकोसा वाटला. काळजासोबत इतर अवयवांचे मांस, शिंपले-कालवे व कवचाचे इतर जलचर, सुकामेवा, बिया, कोंडा, कडधान्ये आणि अळिंबी हेही तांब्याने समृद्ध पदार्थ आहेत, ते बंद करावेत. चॉकलेट कुत्र्यांना तसेही विषारी आहे. खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचा तुकडा, कोंबडीच्या छातीचे उकडलेले मांस, कॉटेज चीज किंवा साधा पांढरा भात यांचा छोटा घास चालतो. सांध्यांच्या गोळ्या, जीवनसत्त्वांच्या वड्या आणि बहुखनिजांची पूरके यांच्या घटकयादीत कॉपर सल्फेट, कॉपर प्रोटिनेट असे शब्द शोधावेत. काही चघळण्याच्या औषधी वड्यांना चवीसाठी काळजाची पूड लावलेली असते, त्याबद्दल पशुवैद्यकांना विचारून घ्यावे.

यकृताचा आजार म्हटले की प्रथिने कमी करायची, ही जुनी समजूत अजून टिकून आहे. या आजारात यकृताला स्वतःची दुरुस्ती करण्यासाठी चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात. ती कमी करण्याची वेळ येते ती अमोनियामुळे मेंदूवर परिणाम दिसू लागला तर, आणि तेव्हाही ते डॉक्टरांनी ठरवावे. घरीच जेवण शिजवायचे असेल तर पशुआहारतज्ज्ञांकडून पाककृती लिहून घ्यावी, कारण तांबे टाळण्याच्या नादात कॅल्शियम, जस्त किंवा जीवनसत्त्वे कमी पडली तर नवा प्रश्न उभा राहतो.

पाण्याकडेही पाहावे. घरात तांब्याचे नळ असतील तर रात्रभर नळीत साचलेल्या पाण्यात तांबे उतरते, विशेषतः पाणी आम्लधर्मी असेल तर. सकाळी नळ काही मिनिटे वाहू देऊन मगच कुत्र्याचे भांडे भरावे, शक्य असल्यास पाणी एकदा तपासून घ्यावे, आणि भांडे स्टीलचे किंवा चिनी मातीचे ठेवावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात पाणी देऊ नये.

औषधे आणि त्यांची वेळ

साठलेले तांबे बाहेर काढण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे डी-पेनिसिलामाइन. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. ते उपाशीपोटीच द्यावे लागते, कारण अन्नातील खनिजे त्याला आधीच पकडून ठेवतात आणि औषध वाया जाते. सहसा जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी द्यायला सांगतात. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात भुकेल्या लॅब्राडोरला कॅप्सूल देऊन तासभर रिकाम्या वाडग्यासमोर बसवून ठेवायचे असते. आम्ही शेवटी अशी सवय लावली की पहाटे कॅप्सूल द्यायची, जिभेच्या मागच्या भागावर ठेवून तोंड अलगद मिटायचे, गळ्यावरून हात फिरवायचा, चमचाभर पाणी पाजायचे आणि लगेच फिरायला न्यायचे. परत आले की जेवण. फिरण्यात तास निघून जातो आणि वाडग्याची आठवण येत नाही.

उलटी हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे. तो झाला तर औषध बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवणे, दिवसाची मात्रा जास्त वेळांत विभागणे, किंवा उपाय नसेल तर अगदी छोट्या घासाबरोबर देणे, असे मार्ग असतात. त्वचेवर पुरळ, ताप किंवा लघवीतून प्रथिने जाणे हे दुष्परिणाम कमी आढळतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी लघवीची तपासणी ठरावीक काळाने करावी. औषधामुळे ब६ जीवनसत्त्व कमी पडू शकते, म्हणून त्याचे पूरक हवे का ते विचारावे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या कॅप्सूल हाताळू नयेत. पेनिसिलामाइन सोसत नसेल तर ट्रायएंटिन हे पर्यायी औषध आहे.

जस्ताची, म्हणजे झिंकची, कामाची रीत वेगळी आहे. ते साठलेले तांबे काढत नाही, ते आतड्याच्या अस्तरातील पेशींत मेटॅलोथायोनिन वाढवते. हे प्रथिन अन्नातील तांब्याला तिथेच धरून ठेवते आणि पेशी झडल्या की तांबे त्यांच्यासोबत विष्ठेत जाते. हा परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून जोरात दाह चालू असताना एकट्या जस्तावर विसंबणे योग्य नाही. साठा कमी झाल्यावर तो पुन्हा वाढू नये यासाठी त्याचा उपयोग होतो. पेनिसिलामाइन आणि जस्त एकाच वेळी देऊ नये, दोघे एकमेकांचे काम निष्फळ करतात. जस्ताची रक्तातील पातळी मोजत राहावी लागते, कारण ती फार वाढली तर तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. मनानेच बाजारातून जस्ताच्या गोळ्या आणून देणे त्यामुळे धोक्याचे आहे.

सोबत ई जीवनसत्त्व, एस-अडेनोसिल मेथिओनिन आणि पित्त वाहते ठेवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते. बायोप्सीत दाह ठळक असेल तर काही कुत्र्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही लागते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मात्र टाळाव्यात, कारण भरपूर तांब्याच्या सान्निध्यात ते पेशींचे नुकसान वाढवू शकते. माणसांची वेदनाशामके, विशेषतः पॅरासिटामॉल, स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

किती काळ, आणि कशावर लक्ष ठेवायचे

तांबे काढण्याचे उपचार काही महिन्यांपासून वर्षभराहून अधिक काळही चालतात. सुरुवातीला साधारण दर महिन्याला एएलटी तपासले जाते, आकडा उतरू लागला की अंतर वाढवता येते. एएलटी सामान्य झाले म्हणजे तांबे गेले असे सरळ समीकरण नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा दुसरी बायोप्सी करूनच औषध थांबवावे. अंदाजाने वर्षानुवर्षे औषध चालू ठेवण्याचाही धोका आहे. तांबे गरजेपेक्षा खाली गेले तर वजन घटते, भूक जाते आणि रक्तक्षय होतो, आणि ही लक्षणे यकृताचा आजार वाढल्यासारखीच दिसतात. अशा वेळी घाबरून औषध वाढवले तर परिस्थिती आणखी बिघडते. एक वही ठेवावी, तीत तारीख, वजन, एएलटी, लघवीचा अहवाल, चुकलेल्या गोळ्या आणि उलट्या लिहाव्यात. आमच्या वहीतूनच डॉक्टरांच्या लक्षात आले की उलट्या फक्त ज्या दिवशी फिरणे लांबले त्या दिवशी होत होत्या, आणि नुसती जेवणाची वेळ सांभाळून तो प्रश्न सुटला.

औषध थांबल्यावर कमी तांब्याचा आहार आयुष्यभर चालू राहतो. काही लॅब्राडोर केवळ आहारावर स्थिर राहतात, काहींना अधूनमधून पुन्हा औषध लागते. बेडलिंग्टनमध्ये औषधही बहुधा कायमचे असते.

तातडीने न्यावे अशी वेळ

काही कुत्र्यांत, बेडलिंग्टनमध्ये विशेषतः, यकृताच्या पुष्कळ पेशी एकदम मरतात, तांबे लोंढ्यासारखे रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. लघवी लालसर-तपकिरी होते, हिरड्या आधी फिकट आणि मग पिवळ्या दिसतात, कुत्रा गळून जातो, श्वास जलद होतो. ही वेळ तासांत हाताळायची असते, सकाळपर्यंत थांबायची नव्हे. काळी डांबरासारखी विष्ठा, थांबत नसलेल्या उलट्या, पोट झपाट्याने फुगणे, भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, गोल गोल फिरणे, ओळखीच्या माणसाकडे शून्य नजरेने पाहणे किंवा झटके येणे या खुणांनाही तोच नियम लागू आहे. निघताना वही आणि चालू औषधांची पाकिटे सोबत घ्यावीत, कारण रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना कुत्र्याचा इतिहास माहीत नसतो.

भावंडे आणि पैदास

निदान झालेल्या कुत्र्याची पैदास करू नये. बेडलिंग्टनमध्ये दोन वाहकांचे, म्हणजे जनुकाची एकच प्रत सदोष असलेल्या कुत्र्यांचे, मीलन झाले तर प्रत्येक पिल्लू बाधित असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक कुत्रा स्वतः निरोगी राहतो. सगळ्या वाहकांना एका फटक्यात पैदाशीतून काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण लहान संख्येच्या जातीत त्याने इतर चांगली जनुकेही गमावली जातात. वाहकाची जोडी चाचणीत निर्दोष ठरलेल्या कुत्र्याशी लावावी, पिल्लांची चाचणी करावी आणि काही पिढ्यांत सदोष प्रत कमी करत न्यावी. लॅब्राडोर आणि डॉबरमनमध्ये अनेक घटक गुंतलेले असल्याने केवळ एका चाचणीवर निर्णय न घेता घराण्यातील यकृताच्या आजारांचा इतिहासही विचारात घ्यावा.

ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांना निदान कळवणे अवघड वाटते, विशेषतः संबंध चांगले असतील तेव्हा. तरी कळवावे, आणि लेखी कळवावे, बायोप्सीच्या अहवालाची प्रत जोडून. त्याच वेताची बाकीची पिल्ले कुठे गेली हे त्यांनाच माहीत असते. आमच्या कुत्रीच्या एका बहिणीच्या घरच्यांशी अशाच पत्रामुळे गाठ पडली. तीही तेव्हा खाऊन-पिऊन ठणठणीत होती. तिचे एएलटी तपासले तर तेही वाढलेले निघाले.